टेकडी गेली, निगेटिव्ह उरली

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. या दोन दिवसांत मिळून जितकी छायाचित्रे निघाली असतील, तितकी नवी मुंबई वसू लागल्यापासूनच्या पहिल्या वीस वर्षांत निघाली नसतील, असा माझा अंदाज आहे. प्रत्येक हातात मोबाइल होता आणि प्रत्येक मोबाइल वर उचललेला होता.

त्याच सुमारास बेलापूरच्या आमच्या वसाहतीतला एक महाविद्यालयीन मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या आजीचे घर विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एका गावात होते. त्याला उलव्याच्या टेकडीचे छायाचित्र हवे होते. ही टेकडी सुमारे ९० मीटर उंचीची. धावपट्टीसाठी ती सुरुंग लावून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशी गावे जागची हलली. विमानतळाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ची. म्हणजे ही टेकडी गेली ती खिशाखिशात कॅमेरे आल्यानंतर. तरीही त्या मुलाच्या घरात तिचे एकही छायाचित्र नव्हते. वडिलांचा त्या काळातला एक मोबाइल चालू होत नव्हता, दुसरा भंगारात गेला होता.

माझ्याकडे मात्र ते सापडले. १९९६च्या जानेवारीत दिवाळे गावाच्या धक्क्यावरून काढलेले, काळेपांढरे. पुढे होड्या, मध्ये पनवेलची खाडी आणि पलीकडे ती टेकडी. सहा चौकटींची निगेटिव्हची पट्टी बटर पेपरच्या पाकिटात तीस वर्षे पडून होती. ती उजेडासमोर धरून पाहिल्यावर मुलाने मला एक साधा प्रश्न विचारला, ‘‘काका, तुमच्या त्या कॅमेऱ्यावर तुम्ही अजून फोटो काढता? किती वेळा?’’

‘‘काढतो अधूनमधून,’’ असे मी म्हणालो. जुने कॅमेरे बाळगणारे सगळेच असे म्हणतात. या ‘अधूनमधून’चा खरा हिशेब मांडला पाहिजे, असे मला नंतर वाटले. सध्या जगभर फिल्मच्या पुनरागमनाची चर्चा चालू आहे आणि तिच्यात ‘फिल्म चांगली की डिजिटल’ हाच वाद पुन्हा पुन्हा घोळवला जातो. माझ्या मते तो दुय्यम आहे. यंत्र जगते ते वापरावर, त्याच्या भोवतीचा धंदाही जगतो तो वापरावर. म्हणून ‘किती वेळा’ हाच विचारण्याजोगा प्रश्न.

ज्या वाचकांचा या प्रकाराशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजण्याची यंत्रणा असलेला कॅमेरा. त्यात भिंगातून पाहायचे नसते. वरच्या बाजूला दोन खिडक्या असतात. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा डोळ्यासमोर एकमेकींवर पडतात आणि भिंगाची कडी फिरवली की त्या जवळ येतात. दोन्ही एक झाल्या की समजायचे, अंतर बरोबर जुळले. दोन डोळ्यांमुळे आपल्याला अंतराचा अंदाज येतो, त्याचीच ही यांत्रिक आवृत्ती. आरसा खाली-वर होत नसल्याने आवाज जवळजवळ नसतो. शिवाय छायाचित्राच्या चौकटीबाहेर काय चालले आहे तेही खिडकीतून दिसत राहते. तोटे अर्थातच आहेत. फार जवळची वस्तू टिपता येत नाही आणि भिंगावरचे झाकण काढायचे राहिले तरी खिडकीतून सारे स्वच्छ दिसत असते. माझ्या एका मेहुण्याच्या साखरपुड्याचे निम्मे फोटो या झाकणाखाली गेले. त्याबद्दल त्या घरात मला अजून ऐकून घ्यावे लागते.

जर्मनीतील वेट्झलार येथे लायट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बारनाक याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा १९१४च्या सुमारास बनवला. १९२५मध्ये तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला. भिंगाशी जोडलेले रेंजफाइंडर त्यात १९३२मध्ये आले आणि १९५४च्या ‘एम ३’ने या जातीचा कॅमेरा पूर्णत्वाला नेला. पाचच वर्षांनी, १९५९मध्ये, निकॉनचा ‘एफ’ आला. भिंगातून थेट पाहण्याची सोय असलेल्या या एसएलआर कॅमेऱ्याने वृत्तपत्रांच्या जगातून रेंजफाइंडरला हळूहळू बाजूला सारले. गंमत अशी की, निकॉन स्वतः त्याआधी उत्तम रेंजफाइंडर बनवत होती.

आपल्याकडे लायकाचे नाव निघाले की आंरी कार्तिए-ब्रेसाँची आठवण अपरिहार्यपणे येते. १९४७च्या अखेरीस तो भारतात आला. ३० जानेवारी १९४८ रोजी तो गांधीजींना भेटला, त्यांची छायाचित्रे काढली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्या रात्रीची आणि अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रे जगभर गेली. पण कमी फिल्ममध्ये काम कसे भागवावे लागते हे समजून घ्यायचे तर मला त्याच्यापेक्षा सेवाग्रामचे कनू गांधी जवळचे वाटतात. त्यांचा कॅमेरा रोलीफ्लेक्स, म्हणजे वेगळ्या जातीचा. तो घेण्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले होते. बापूंनी पुतण्याच्या या मुलाला तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मी पोझ देणार नाही आणि आश्रम खर्च देणार नाही. यातली तिसरी अट छायाचित्रकाराला सर्वांत जास्त शिकवते. रोलचे पैसे आपल्याच पदरचे असले की बोट बटणावर जाण्याआधी डोळा काम करतो.

माझा कॅमेरा लायका नाही, हे सांगून टाकतो. सरकारी नोकरीत बेलापूरला आलेल्या माणसाला ती परवडण्यातली वस्तू नव्हती. माझ्याकडे आहे तो याशिका इलेक्ट्रो ३५. जपानमध्ये १९६६ पासून निघालेला हा कॅमेरा आपल्याकडे बोटीवर नोकरी करणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून बऱ्याच घरांत पोचला. मलाही तो तसाच एका मावसभावाकडून मिळाला. ४५ मिलिमीटरचे न बदलता येणारे भिंग, प्रकाश कमी-जास्त असेल तर लागणारे लाल-पिवळे दिवे आणि पाठीला लागणारा पट्टा. आयात परवान्यांच्या काळात चांगला कॅमेरा असा मावसभावाच्या मेहेरबानीनेच मिळत असे.

मी पहिल्यापासून एक वही ठेवली आहे. प्रत्येक रोलची तारीख आणि खर्च तिच्यात आहे. तिच्यातले आकडे असे: १९९४मध्ये १४ रोल, १९९८मध्ये ११, २००४मध्ये ३. २००५ ते २०१३ या नऊ वर्षांत एकही नाही. २०१४ पासून वर्षाला पाच-सहा. १९९४चे १४ रोल म्हणजे वर्षभरात पाचशे चौकटी. त्या काळी घरगुती माणसाच्या मानाने ही चैन होती. बहुतेक घरांत ३६ चौकटींचा एक रोल गणपतीला सुरू होऊन दिवाळीपर्यंत पुरवला जाई आणि शेवटच्या दोन चौकटी ‘संपवून टाकू’ म्हणून दारातल्या तुळशीवर खर्च होत. आज पाचशे फोटो एका हळदी समारंभात निघतात.

खर्चाचा हिशेब आणखी बोलका आहे. १९९४मध्ये रोल, धुलाई आणि ३६ प्रिंट मिळून मला साधारण अडीचशे रुपये पडत, म्हणजे एका चौकटीला सात रुपये. आज काळ्यापांढऱ्या फिल्मचा रोल हजाराच्या घरात आहे. धुलाई आणि स्कॅन यांचे पाचशे धरले तर चौकट ४२ रुपयांच्या आसपास जाते, तीही प्रिंटशिवाय. तीस वर्षांत इतर वस्तूही महागल्याच, त्या मानाने ही वाढ अचाट नाही. पण तेव्हा पर्याय नव्हता आणि आज दुसऱ्या खिशातला फोटो फुकट आहे. सात रुपये आणि ४२ रुपये यांच्यातला खरा फरक हा आहे.

एकेकाळी हा देश स्वतःची फिल्म बनवत असे, हे आज किती जणांना आठवते? उटकमंडला केंद्र सरकारने १९६०मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला. १९६७ पासून तेथून ‘इंदू’ नावाची फिल्म निघू लागली. तिच्या दर्जाबद्दल आम्ही नाके मुरडली, हे कबूल केले पाहिजे. पण शाळेच्या स्नेहसंमेलनांपासून मोर्चांपर्यंत कितीतरी गोष्टी ‘इंदू’वर टिपल्या गेल्या. आयात खुली झाल्यावर परदेशी मालापुढे हा कारखाना टिकला नाही. १९९०च्या दशकात तो आजारी उद्योगांत जमा झाला आणि पुढे बंदच पडला. डिजिटलने त्याला मारले असे म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक डिजिटल घरोघर पोचण्यापूर्वीच तो खाटेवर होता.

जगातली पडझड त्यानंतरची. २००५मध्ये आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली, २००६मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेरे आणि फिल्म दोन्ही सोडल्याचे जाहीर केले, कोडॅकने २००९मध्ये कोडाक्रोम बंद केली आणि २०१२च्या जानेवारीत स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्म तरली ती हौशी छायाचित्रकारांमुळे असे मानण्यात आमच्यासारख्यांना आनंद होतो. खरे श्रेय बऱ्याच अंशी सिनेमाचे आहे. २०१५मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले, म्हणून ते यंत्र फिरत राहिले. सिनेमाच्या मोठ्या रिळातून कापून छोट्या डब्यांत भरलेली फिल्म आज आपल्याकडचे तरुणही वापरतात.

पुनरागमन म्हणतात ते त्यानंतरचे. एक्टाक्रोम २०१८मध्ये परत आली, लायकाने २००२मध्ये थांबवलेला ‘एम ६’ २०२२मध्ये पुन्हा काढला, पेंटॅक्सने २०२४मध्ये एक नवा फिल्म कॅमेरा आणला. या बातम्या खऱ्या आहेत. पण नव्या ‘एम ६’ची किंमत अमेरिकेत जवळपास ५,३०० डॉलर ठेवली गेली, हीदेखील बातमीच आहे. या किमतीचा कॅमेरा घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये उभा राहणारा माणूस फोटो कमी काढील आणि पट्टा जास्त सांभाळील. ज्या कॅमेऱ्याची सारी ख्याती सतत जवळ बाळगण्याची आणि पटकन टिपण्याची, तो काचेच्या कपाटात गेला तर याला पुनरागमन म्हणावे की प्राणप्रतिष्ठा?

कपाटाचा मुद्दा आमच्या हवेत विशेष महत्त्वाचा. बेलापूर एका बाजूने खाडी आणि दुसऱ्या बाजूने पारसिकचा डोंगर यांच्या मध्ये आहे. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओल हाताला लागते. अशा हवेत बंद कपाटातल्या भिंगावर बुरशीची जाळी धरते. शटरच्या पात्यांवर तेलाचा चिकट थर बसतो, मागच्या दाराचा काळा फोम भुगा होऊन पडतो आणि रेंजफाइंडरची दुसरी प्रतिमा फिकट होत होत दिसेनाशी होते. माझ्या याशिकाचे नऊ वर्षांच्या विश्रांतीनंतर यातले बहुतेक सगळे झाले होते. शिवाय तिची मूळची पाऱ्याची बॅटरी बाजारातून केव्हाच गेलेली. आता दुसरी बॅटरी आणि एक स्प्रिंग अशी जोडणी करून ती चालते. पहिल्या दुरुस्ती करणाऱ्याने ती उघडली आणि दोन स्क्रू कमी करून परत दिली. दुसरा मिळाला तो मुंबईत बोरा बाजारच्या बाजूला, सत्तरी उलटलेला. त्याने तीन आठवडे घेतले, कामाचे पैसे माफक सांगितले आणि देताना बजावले, ‘‘महिन्यातून एकदा तरी हिला चालवत जा. फिल्म नसली तरी बटण दाबत जा.’’

या माणसाचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. महिन्याला चार रेंजफाइंडर येत असतील तर त्यावर कोणाचे घर चालेल? मी वर्षाला सहा रोल काढतो याचा अर्थ लॅबवाल्याला वर्षाला माझ्याकडून सहा वेळा काम मिळते. त्याची रसायने मात्र माझी वाट पाहत ताजी राहत नाहीत. कामे साठेपर्यंत तो रोल बाजूला ठेवतो, मग मला तीन आठवडे थांबावे लागते, थांबावे लागते म्हणून मी आणखी कमी रोल काढतो. कोकण भवनाच्या आसपास एके काळी तासाभरात प्रिंट देणारी दुकाने होती. आज त्या भागात पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स मिळते, रोल धुवायला मुंबई गाठावी लागते किंवा कुरियर करावे लागते.

नवी मंडळी या धंद्यात प्राण फुंकतील अशी आशा मलाही आहे. लॅबमध्ये माझ्यापुढे उभी असतात ती विशी-पंचविशीतली मुले-मुली. ज्या फिल्मचा कंटाळा येऊन आम्ही पळालो, तिच्यासाठी ती खिशातले पैसे मोजतात. पण तिथल्याच माणसाने सांगितलेली एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. यातले अनेक जण मोबाइलवर स्कॅन आले की खूश असतात आणि निगेटिव्ह न्यायला परत येतच नाहीत. पट्ट्यांचा ढीग त्याच्याकडे पडून आहे. म्हणजे एवढा खर्च करून, एवढी वाट पाहून शेवटी हाती ठेवायचे काय, तर मोबाइलमधली एक फाइल! ती टिकवण्याचे वेगळे कष्ट घेतले नाहीत तर टिकत नाही, हे उलव्याच्या टेकडीने दाखवलेच आहे.

माझ्या वहीतली नऊ कोरी वर्षेही तेच दाखवतात. त्या काळात मी फोटो काढले नाहीत असे नाही, उलट हजारोंनी काढले. डिजिटल कॅमेरा घेतला होता. ते सारे एका हार्ड डिस्कवर होते आणि २०१५मध्ये ती डिस्क बंद पडली. माझ्या मुलीची शाळेची बहुतेक वर्षे तिच्याबरोबर गेली. तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो आहे, कारण तो १९९७चा. तिच्या दहावीच्या निकालाचा नाही.

याचा अर्थ निगेटिव्ह अमर असते असा मुळीच नव्हे. २६ जुलै २००५च्या पावसात किती घरांतले अल्बम चिखलात गेले हे मुंबई परिसरात सर्वांना ठाऊक आहे. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या माझ्याही काही पट्ट्या एकमेकींना चिकटून वाया गेल्या. फरक इतकाच की, निगेटिव्ह दुर्लक्ष सहन करते. तीस वर्षे तिच्याकडे कोणी पाहिले नाही तरी उजेडासमोर धरली की दिसते. कुठला पासवर्ड लागत नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत याला वेगळेच महत्त्व आहे. सिडकोची स्थापना मार्च १९७०ची. महापालिका झाली १९९२मध्ये आणि बेलापूरला लोकल आली १९९३मध्ये. म्हणजे हे शहर घडले ती सगळी वर्षे फिल्मची वर्षे होती. ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले, पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. या काळाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा निगेटिव्हवर आहे आणि तो लोकांच्या कपाटांत आहे.

सीबीडीच्या सेक्टर ८मधली आर्टिस्ट्स व्हिलेज हे आणखी एक उदाहरण. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ती आखली तेव्हा सात घरांमध्ये एक छोटे अंगण, अशी रचना केली. दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही, हेतू हा की प्रत्येकाला आपले घर आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवता यावे. लोकांनी ते वाढवले, पाडले, मजले चढवले. मूळची उतरत्या छपराची घरे आता शोधावी लागतात. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत छापतात ते फोटो बहुधा नव्या कोऱ्या वसाहतीचे. मी १९९३ पासून, ती नऊ वर्षे सोडून, दर पाडव्याला एका अंगणाच्या त्याच कोपऱ्यात उभा राहून त्याच भिंगाने एक चौकट घेत आलो आहे. त्यात कला काहीही नाही. पण त्या ओळीने लावल्या की एक पत्र्याची शेड खोली कशी झाली, खोलीवर मजला कधी आला आणि अंगणातले झाड कोणत्या दोन पाडव्यांच्या मध्ये गेले हे सांगता येते. वर्षाला एक फोटो, त्या मुलाच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे. फक्त तो चुकवायचा नाही. मी नऊ वेळा चुकवला आणि झाड नेमके त्याच काळात गेले.

सिडको आणि महापालिका यांनी मिळून आता एक काम करावे. शहरातल्या आणि ९५ गावांतल्या लोकांना त्यांच्या घरातल्या निगेटिव्ह घेऊन बोलवावे, त्या स्कॅन करून पट्ट्या चांगल्या पाकिटात घालून परत द्याव्यात आणि तारीख-ठिकाण लिहून घ्यावे. पनवेल, उरण, ठाण्याच्या जुन्या स्टुडिओंकडेही जावे, कारण गावातली लग्ने त्यांनीच टिपली आहेत. विमानतळाच्या एका खांबाच्या खर्चात हे होईल. उशीर मात्र करू नये, पट्ट्या घेऊन येणारी आणि त्यातले चेहरे ओळखणारी माणसे आता सत्तरीपुढची आहेत.

त्या मुलाला मी टेकडीची प्रिंट करून दिली. आजीला ती दाखवायला आम्ही दोघे गेलो. तिने ती बराच वेळ न्याहाळली, होड्या पाहिल्या, टेकडीच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, ‘‘ही दिवाळ्याच्या बाजूने दिसते तशी आहे. आमचं गाव मागच्या अंगाला. यात नाही यायचं ते.’’ मग आठवून तिने सांगितले की, तिच्या थोरल्या मुलाच्या लग्नात पनवेलहून एक फोटोवाला आला होता आणि त्याने वरात गावाच्या वेशीतून येताना टिपली होती. स्टुडिओचे नाव तिला आठवत नाही, दुकान बाजारात होते एवढेच आठवते. मुलगा सध्या रविवारी पनवेलला जातो आणि बाजारातल्या जुन्या दुकानदारांना विचारत फिरतो.